राज्य नसलेल्या राष्ट्राचा खेळाडू

वेतन घेऊन फुटबॉल खेळणाऱ्याने आज या संघाकडून, उद्या त्या संघाकडून खेळावे, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ज्याच्या पायांत कसब आहे त्याला चार ठिकाणची बोलावणी येतात, आणि जेथे अधिक द्रव्य व अधिक मान मिळेल तेथे तो जातो. आफ्रिकेतील शेकडो तरुण याच वाटेने युरोपात गेले आणि अजूनही जात आहेत. परंतु १९५८ च्या एप्रिल महिन्यात एक एकवीस वर्षांचा आफ्रिकी खेळाडू याच्या अगदी उलट दिशेने निघाला. हाती आलेली कीर्ती, उत्तम वेतन आणि दोन महिन्यांवर येऊन ठेपलेली जागतिक स्पर्धा, हे सर्व मागे टाकून तो ज्या देशाच्या संघात गेला, तो देश जगाच्या नकाशावर अद्यापि उमटलाच नव्हता. या खेळाडूचे नाव रशीद मेखलूफी.

रशीदचा जन्म १२ ऑगस्ट १९३६ रोजी अल्जीरियाच्या पूर्वेकडील सेतीफ या गावी झाला. समुद्रापासून आत, उंच पठारावर वसलेले हे गाव म्हणजे गव्हाच्या मुलखातील एक मोठी पेठ. अल्जीरिया ही त्या काळी फ्रान्सची नुसती वसाहत नव्हती. १८३० साली सैन्य उतरवून घेतलेला हा मुलूख कायद्याने फ्रान्सचाच एक भाग ठरविण्यात आला होता. म्हणजे कागदावर सेतीफ हे पॅरिसइतकेच फ्रेंच! प्रत्यक्षात मात्र सुपीक जमिनी युरोपीय वसाहतवाल्यांच्या हाती, आणि बहुसंख्य मुसलमान प्रजेचे हक्क नावापुरते, अशी तेथील स्थिती होती.

या विसंगतीचा स्फोट सेतीफमध्येच झाला. ८ मे १९४५ रोजी जर्मनीच्या शरणागतीचा आनंदोत्सव सर्वत्र चालू होता. सेतीफच्या लोकांनीही मिरवणूक काढली. पण तीत अल्जीरियाचे निशाण दिसताच पोलिसांनी गोळी झाडली. मग जमाव खवळला आणि युरोपीयांची कत्तल झाली. त्यांच्यापैकी शंभराच्या आसपास माणसे मारली गेली. त्याचा सूड म्हणून फ्रेंच लष्कराने त्या टापूतील खेड्यांवर विमानांतून व युद्धनौकांवरून भडिमार केला. मृतांचा आकडा फ्रेंच सरकारने दीड हजाराच्या घरात सांगितला. अल्जीरियाचे लोक पंचेचाळीस हजार सांगतात. दोन आकड्यांमधील या अंतरावरूनच पुढचे युद्ध किती कडवट होणार होते, हे कळून यावे. पुढे मोठा साहित्यिक म्हणून गाजलेला कातेब यासीन तेव्हा सेतीफच्या शाळेत शिकत होता. त्या पोरवयात त्याला पकडून तुरुंगात डांबण्यात आले. रशीद तर त्या दिवशी नऊ वर्षांचाही नव्हता. त्या वयाच्या मुलाला राजकारण कळत नाही; परंतु आपल्या गावच्या रस्त्यावर सांडलेले रक्त त्याला दिसते, आणि ते तो विसरत नाही.

चेंडूशी मात्र त्याची मैत्री लवकर जमली. सेतीफच्या स्थानिक संघात खेळत असतानाच या सडपातळ मुलाचा बोलबाला समुद्रापलीकडे पोचला आणि १९५४ च्या उन्हाळ्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, सँ-एत्येन येथील व्यावसायिक संघाने त्याला बोलावून घेतले. सँ-एत्येन हे फ्रान्सच्या मध्यभागातील काजळी धरलेले कामकरी शहर. कोळशाच्या खाणी, शस्त्रांचे व सायकलींचे कारखाने यांवर तेथील वस्ती पोसली गेली. तेथील फुटबॉल संघही किराणा दुकानांची साखळी चालविणाऱ्या ‘कॅसिनो’ या पेढीच्या नोकरवर्गातून उभा राहिला. दुकानांचा हिरवा रंग तोच संघाचा रंग, आणि पेढीच्या संस्थापकाचे नाव तेच मैदानाचे नाव, जॉफ्र्वा गिशार. खाणींत पोलंडचे, इटलीचे आणि अल्जीरियाचे मजूर खांद्याला खांदा लावून राबत. संघाचा शिक्षक ज्याँ स्नेला हाही पोलिश वंशाचाच. परक्या मुलखातून आलेल्या पोराला काय लागते, हे त्याला निराळे सांगावे लागत नसे. घाई न करता, दटावणी न करता, त्याने रशीदला घडविले. या स्नेलाचे नाव रशीदच्या चरित्रात पुन्हा येणार आहे.

१९५७ साली सँ-एत्येनने आपल्या इतिहासातील पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्या यशात रशीदचा वाटा मोठा होता. तो आघाडीला खेळे. परंतु केवळ गोल मारणारा तो नव्हता. चेंडू पायाशी आला की क्षणभर थांबून, डोके वर करून तो सारे मैदान न्याहाळी आणि सोबत्याला नेमक्या जागी चेंडू पुरवी. १९५६ व १९५७ या वर्षांत तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून चार सामने खेळला. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी नाव नोंदले गेल्यावर फ्रेंच सैन्याच्या संघातूनही तो खेळला, आणि १९५७ साली ब्वेनोस आयरेस येथे त्या संघाने लष्करी जगज्जेतेपद पटकाविले. अशा रीतीने सेतीफचा हा मुलगा एकवीस वर्षांचा होईतो फ्रान्सचा शिपाई आणि फ्रान्सचा खेळाडू अशी दोन्ही बिरुदे मिरवीत होता.

इकडे त्याच्या मायदेशात वणवा पेटला होता. तो सँ-एत्येनला आल्यानंतर थोड्याच महिन्यांत, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, अल्जीरियाच्या राष्ट्रीय मुक्ति-आघाडीने सशस्त्र उठावाला प्रारंभ केला. युद्धाची झळ फ्रान्समधील अल्जीरियन वस्तीलाही लागली. मजुरांप्रमाणे खेळाडूही आघाडीला गुप्तपणे वर्गणी देत. २६ मे १९५७ रोजी पॅरिसजवळच्या कोलोंब येथे राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना झाला. तुलूझ संघाने तो जिंकला, आणि त्या संघात ब्राहिमी व बुशूक हे दोन अल्जीरियन खेळाडू होते. सामना आटोपून प्रेक्षक बाहेर पडत असतानाच, फ्रान्सचा कैवार घेणारे अल्जीरियन पुढारी अली शेक्काल यांना आघाडीच्या एका तरुणाने गोळी घालून ठार केले. आत ज्यांच्या नावाचा जयघोष झाला ते अल्जीरियन, आणि बाहेर मारणारा व मरणारा दोघेही अल्जीरियन. अशा दिवसांत आपला धंदा वेगळा आणि आपला देश वेगळा, असे म्हणून गप्प बसणे किती काळ शक्य होते?

आघाडीच्या पुढाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर आधीच सुचले होते. मोहम्मद बूमेझराग नावाच्या एका माजी व्यावसायिक खेळाडूने फ्रान्समधील अल्जीरियन खेळाडूंना गुपचूप भेटून एक बेत ठरविला. सर्वांनी एकाच वेळी फ्रान्स सोडावा, ट्यूनिसला जमावे आणि स्वतंत्र अल्जीरियाचा राष्ट्रीय संघ उभा करावा. वेळही मोठी साधून निवडली होती. जूनमध्ये स्वीडन येथे जागतिक स्पर्धा व्हायची होती. १६ एप्रिलला पॅरिसमध्ये फ्रान्स व स्वित्झर्लंड यांचा सामना होता, आणि त्यासाठी निवडलेल्यांत मोनाकोचा भक्कम बचावपटू मुस्तफा झितूनी होता. रशीदचे नावही जागतिक स्पर्धेच्या संभाव्य खेळाडूंत होते.

१३ एप्रिल १९५८, रविवार. सँ-एत्येनचा सामना बेझिए या संघाशी होता. त्या सामन्यात रशीदच्या डोक्याला मार बसला आणि त्याला रुग्णालयात नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्रिबी व केरमाली हे दोघे सोबती मोटार घेऊन तेथे आले व त्याला बाहेर काढून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीकडे निघाले. एव्हाना खेळाडू नाहीसे झाल्याची वार्ता फुटू लागली होती. इतरांना पकडले असते तर कदाचित तुरुंगावर भागले असते. रशीद हा सैन्यातील शिपाई होता, आणि युद्धकाळी पळून जाणाऱ्या शिपायाला कोणते शासन होते हे त्याला ठाऊक होते. सरहद्दीवरच्या नाक्यावर शिपायांनी त्याला ओळखले; परंतु बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसल्यामुळे त्यांनी संशय न धरता या नामवंत खेळाडूला वाट दिली, असे सांगतात. ज्या कीर्तीवर तो पाणी सोडून चालला होता, तीच त्या घटकेला त्याच्या उपयोगी पडली!

लोझान व रोम या मार्गाने ही मंडळी ट्यूनिसला पोचली. झितूनी, बेन तिफूर, गोलरक्षक बूबेकूर व बेखलूफी हे मोनाकोचे चौघे, तुलूझचे ब्राहिमी व बुशूक, आँजेचा रुआई, आणि अर्रिबी, केरमाली, मेखलूफी, असे हे पहिले दहा. सर्वांचेच नशीब मात्र धड निघाले नाही. रँसचा मोहम्मद माऊश आणि मोनाकोचा शाब्री हे वाटेत पोलिसांच्या हाती सापडले.

फ्रान्समध्ये या वार्तेने जी खळबळ उडाली तिचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. तोपर्यंत तेथील सामान्य नागरिकाची अशी समजूत होती, किंबहुना करून देण्यात आली होती, की अल्जीरियातील बंडाळी ही मूठभर दहशतवाद्यांनी चिथावलेल्या उपाशी शेतकऱ्यांची चळवळ आहे. फ्रान्सने ज्यांना शिक्षण, नोकरी व मानमरातब दिला असे अल्जीरियन फ्रान्सचेच आहेत. दर रविवारी ज्यांच्या नावाने टाळ्या पडत, ज्यांची चित्रे मुले वह्यांत चिकटवीत, असे हे खेळाडू. त्यांना उपासमार नव्हती, बेकारी नव्हती. ज्याचे काहीच जायचे नाही त्याच्या बंडाला लोक हसण्यावारी नेतात. ज्याचे सर्वस्व जायचे आहे तो उठून चालू लागला म्हणजे विचार करावाच लागतो. भाषणांनी व हस्तपत्रकांनी जे साधले नव्हते, ते या दहा माणसांच्या रिकाम्या जागांनी साधले. पुढे अल्जीरियाच्या हंगामी सरकारचे अध्यक्ष झालेले फेर्हात अब्बास, जे रशीदच्याच सेतीफमध्ये पूर्वी औषधांचे दुकान चालवीत, ते खेळाडूंना म्हणाले, की तुम्ही आपले कार्य दहा वर्षांनी पुढे नेलेत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्यात पुढाऱ्याची अतिशयोक्ती असेल, पण अगदीच खोटे नाही.

जागतिक फुटबॉल महासंघाने या संघाला मान्यता नाकारली आणि त्याच्याशी खेळणाऱ्यांवर कारवाईचा धाक घातला. सबब जे कोणी बोलावील त्याच्याकडे जाणे, एवढेच या संघाच्या हाती होते. ट्यूनीशिया, मोरोक्को, लिबिया, इराक, जॉर्डन. बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत रशिया, युगोस्लाव्हिया. चीन आणि उत्तर व्हिएतनाम. चार वर्षांत या मंडळींनी ऐंशीहून अधिक सामने खेळले. काही यजमान महासंघाच्या भयाने निशाण फडकविण्यास व राष्ट्रगीत वाजविण्यास कचरत; परंतु त्या दोन गोष्टींसाठीच तर हा सारा खटाटोप होता. हानोई येथे खुद्द हो चि मिन्ह यांनी त्यांचे स्वागत केले. १९६१ साली बेलग्रेड येथे त्यांनी युगोस्लाव्हियाच्या संघाला ६ विरुद्ध १ असे हरविले. त्या काळी युगोस्लाव्हियाचा खेळ युरोपात पहिल्या प्रतीचा गणला जाई, हे लक्षात घेतले म्हणजे या विजयाचे मोल कळते.

तथापि, हा काळ निव्वळ दिग्विजयाचा होता असे चित्र रंगविणे सत्याला धरून होणार नाही. सर्व प्रतिस्पर्धी युगोस्लाव्हियाच्या तोडीचे नव्हते. कोठे लष्करी पथके, कोठे कामगार संघ. मिळकत फ्रान्समधल्या वेतनाच्या मानाने अल्प. घरची माणसे दूर. आणि खेळाडूचे आयुष्य मुळात दहा-बारा वर्षांचे! झितूनी १९५८ साली एकोणतीस वर्षांचा होता. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा तो चौतिशीत होता, आणि मोठ्या स्पर्धांचे दार त्याला कायमचे मिटले होते. स्वीडनमध्ये फ्रान्सने तिसरा क्रमांक मिळविला. उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध बचावपटू जाँके जायबंदी झाला, बदली खेळाडू घेण्याची सोय तेव्हा नव्हती, आणि सतरा वर्षांच्या पेलेने तीन गोल चढविले. झितूनी असता तर काय झाले असते, हा प्रश्न फ्रान्समध्ये पुढे कित्येक वर्षे चघळला गेला. त्याचे उत्तर अर्थातच कोणी देऊ शकत नाही. रशीदने मात्र आपल्या उमेदीची एकविसाव्यापासून पंचविसाव्यापर्यंतची वर्षे दिली. खेळाडूच्या हिशेबात याहून मोठी रक्कम नसते.

१९६२ च्या मार्चमध्ये एव्हियाँ येथे तह झाला व जुलैमध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. संघाचे कार्य संपले. रशीदचे वय अद्यापि सव्वीस भरले नव्हते. पायांतील कसब शाबूत होते. पण ते दाखवायचे कोठे? प्रथम तो जिनीव्हाच्या सर्व्हेट संघात गेला. तेथील शिक्षक होता त्याचा जुना गुरू ज्याँ स्नेला. काही महिन्यांनी सँ-एत्येनचे अध्यक्ष रोजे रोशे यांनी त्याला परत येण्याचे आमंत्रण दिले. हे आमंत्रण देणे जितके धाडसाचे, तितकेच ते स्वीकारणेही. आठ वर्षांच्या युद्धात फ्रान्सच्या हजारो घरांतील मुले मेली होती. अल्जीरियातून परागंदा झालेले लाखो युरोपीय तेव्हा नुकतेच फ्रान्सच्या बंदरांत उतरले होते. अशा वेळी सैन्यातून पळून शत्रूला मिळालेला शिपाई पुन्हा त्याच मैदानावर उतरणार होता.

तो पहिला सामना जॉफ्र्वा गिशार मैदानावर झाला. रशीद मैदानात आला तेव्हा प्रेक्षकांत विलक्षण शांतता पसरली. शिवी नाही, शीळ नाही, टाळी नाही. खेळ सुरू झाला, चेंडू त्याच्याकडे आला, त्याने तो आपल्या जुन्या लकबीने पुढे नेला, आणि सारे मैदान टाळ्यांनी दणाणून गेले. असे या प्रसंगाचे वर्णन केले जाते. त्या टाळ्यांचा अर्थ त्याला क्षमा करण्यात आली असा लावणे मात्र बरोबर नव्हे, कारण त्याने क्षमा कधी मागितलीच नव्हती. आपण केले ते योग्य केले, या मतापासून तो अखेरपर्यंत ढळला नाही. आणि ज्या शहराने आपल्याला खेळ शिकविला त्याच्याविषयी त्याच्या मनात कधी कडवटपणाही आला नाही. खाणकामगारांच्या त्या गावाला या दोन गोष्टींत विरोध दिसला नसावा.

संघाची स्थिती तेव्हा मोठी चमत्कारिक होती. १९६२ साली त्याने राष्ट्रीय चषक जिंकला होता आणि त्याच वर्षी तो घसरून दुसऱ्या श्रेणीत फेकला गेला होता. १९६३ मध्ये तो पहिल्या श्रेणीत परतला. स्नेलाही जिनीव्हाहून परत आला. आणि पुढच्याच वर्षी, १९६४ साली, संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. १९६७ व १९६८ सालीही तेच. दरम्यान रशीद स्वतंत्र अल्जीरियाच्या संघातूनही खेळत होता, आणि आता त्या संघाला जगाची मान्यता होती. सँ-एत्येनसाठी त्याने एकंदर दीडशेच्या आसपास गोल केले.

त्याचा सँ-एत्येनसाठीचा शेवटचा मोठा सामना १२ मे १९६८ रोजी झाला. राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यात बोर्दोवर २ विरुद्ध १ असा विजय मिळाला, आणि ते दोन्ही गोल रशीदने केले. दोनच रात्रींपूर्वी पॅरिसच्या रस्त्यांत विद्यार्थ्यांनी अडथळे उभारून पोलिसांशी झुंज दिली होती. दुसऱ्या दिवशी देशभर संप व्हायचा होता. चषक देण्यासाठी उपस्थित होते राष्ट्राध्यक्ष द गॉल. १९५८ च्या मे महिन्यात, रशीद पळून गेल्यावर महिन्याभराने, अल्जीरियाच्याच प्रश्नावर फ्रेंच सरकार कोसळले व द गॉल सत्तेवर आले होते. बरोबर दहा वर्षांनी हे दोघे समोरासमोर उभे राहिले. चषक हाती देताना “फ्रान्स म्हणजे तुम्ही,” असे द गॉल त्याला म्हणाले, असे पुढे सर्वत्र सांगितले गेले. ज्याने फ्रान्सचा पोशाख उतरवून ठेवला त्यालाच हे उद्गार ऐकावे लागले! त्यावर त्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

त्यानंतर कॉर्सिका बेटावरील बास्तिया संघात दोन वर्षे काढून मेखलूफी मायदेशी परतले आणि राष्ट्रीय संघाचे शिक्षक झाले. १९७५ साली अल्जीयर्स येथे भूमध्यसागरी क्रीडास्पर्धा भरल्या. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी होता फ्रान्स. शेवटच्या क्षणापर्यंत अल्जीरिया मागे होता. बेत्रूनीने अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधली आणि जादा वेळेत ३ विरुद्ध २ असा विजय मिळाला. १९८२ साली स्पेनमधील जागतिक स्पर्धेत खलेफ यांच्या जोडीने तेच संघाबरोबर होते. १६ जून रोजी हिहोन येथे माजेर व बेलूमी यांच्या गोलांनी अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला २ विरुद्ध १ असे नमविले आणि जग थक्क झाले. पुढे चिलीलाही हरविले. परंतु अल्जीरियाचे सामने संपल्यावर दुसऱ्या दिवशी जर्मनी व ऑस्ट्रिया यांनी त्याच हिहोनमध्ये, दोघांनाही सोयीचा असा १ विरुद्ध ० हा निकाल जपून उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात घालविला, आणि अल्जीरिया स्पर्धेबाहेर पडला. गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी खेळविण्याचा नियम महासंघाने त्यानंतर केला. ज्या महासंघाने एके काळी मेखलूफींच्या संघाला दारात उभे केले नव्हते, त्याला अल्जीरियाच्या संघावरील अन्यायामुळे आपला नियम बदलावा लागला.

मायदेशाच्या कारभाराचे मात्र सर्वच कौतुक करता येत नाही. स्वतंत्र अल्जीरियाच्या सरकारने सत्तरीच्या दशकात खेळाची सर्व सूत्रे आपल्या हाती घेतली आणि अठ्ठावीस वर्षांच्या आतील खेळाडूंना परदेशी संघांत जाण्यास मनाई केली. अठराव्या वर्षी समुद्र ओलांडला म्हणून जो मेखलूफी घडला, त्याच्याच देशात दुसरा मेखलूफी त्या वयात बाहेर पडू शकत नव्हता! १९८८ साली मेखलूफी यांनी राष्ट्रीय फुटबॉल मंडळाचे अध्यक्षपदही काही काळ भूषविले. पण कचेरीच्या खुर्चीत ते फार रमले नाहीत.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, रशीद मेखलूफी यांचे ट्यूनिस येथे निधन झाले. १९५८ च्या एप्रिलमध्ये डोक्याची जखम ओली असताना, पुढे काय होणार याची काहीच शाश्वती नसता, ते प्रथम उतरले होते ते याच शहरात.